मूळ चाल किती, भर किती : गेमसंगीताच्या हौशी रीमिक्सचे परीक्षण

जुन्या व्हिडिओ गेममधली मिनिटभराची चाल घ्यायची, तिच्यावर पियानो, मेटल बँड, जॅझ किंवा पूर्ण वाद्यवृंदाची रचना बांधायची आणि ती फुकट लोकांपुढे ठेवायची, असा एक छंद गेली पंचवीसेक वर्षे जगभर जोमात आहे. करणारे बहुतेक हौशी, पण काम हौशी म्हणून सोडून देण्यासारखे नाही. अशा हजारो रचना आज उपलब्ध आहेत आणि त्यांतल्या कित्येक मूळ गेम विस्मरणात गेल्यावरही ऐकल्या जातात. यातले चांगले कोणते, ते कोणी ठरवायचे आणि कशावरून, हा वाद मात्र छंदाइतकाच जुना आहे. त्या वादात कोणत्या भूमिका पुढे आल्या आणि काय सुटायचे राहिले आहे, याचा हा आढावा. मराठीत या संगीताबद्दल फार थोडे लिहिले गेले आहे, म्हणून सुरुवात जरा मागून करतो.

चाल छोटी, जागा मोकळी

१९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’साठी कोजी कोंदो यांनी संगीत केले तेव्हा निन्टेन्डोच्या यंत्रात सुरांसाठी तीनच आवाज होते : दोन पल्स लहरींचे आणि एक त्रिकोणी लहरीचा. ठेक्यासाठी खरखरीचा एक आवाज आणि अगदी ढोबळ नमुने वाजवणारी एक वाहिनी, एवढाच वरचा संच. कमोडोर ६४ या संगणकातल्या, बॉब यॅनेस यांनी घडवलेल्या सिड चिपमध्येही आवाज तीनच. त्या तीन आवाजांत रॉब हबर्ड आणि मार्टिन गॉलवे यांनी जे उभे केले ते आजही थक्क करते. निन्टेन्डोच्याच १९९० च्या सुपर फॅमिकॉमवर वाहिन्या आठ झाल्या, पण सगळ्या वाद्यांचे नमुने ६४ किलोबाइटमध्ये बसवावे लागत.

या टंचाईतून दोन गोष्टी घडल्या. भरगच्च वाद्यमेळ शक्य नव्हता, म्हणून सारा भार चालीवर आला. चाल ठसठशीत नसेल तर हाती काहीच उरत नसे. शिवाय जागा वाचवण्यासाठी तुकडा लहान ठेवून तो पुन्हा पुन्हा वाजवला जाई. लक्षात राहणारी चाल आणि भोवती भरपूर मोकळी जागा, संयोजकाला याहून अधिक काय हवे?

तसे पाहिले तर पहिले संयोजन व्यावसायिकांनीच केले. १९८४ साली हारुओमी होसोनो यांनी नामको कंपनीच्या गेममधल्या संगीताचा ‘व्हिडिओ गेम म्युझिक’ हा अल्बम काढला. कोइची सुगियामा यांनी १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे संगीत वाद्यवृंदासाठी बांधले आणि २० ऑगस्ट १९८७ रोजी टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये त्याची मैफल झाली. गेमचा मूळ अल्बम आणि त्याच्या जोडीला ‘अरेंज’ अल्बम, ही जपानमधली रीत तेव्हापासून रुळली. नव्वदच्या दशकात घरोघरी संगणक आणि मिडी फाइली आल्या तेव्हा हौशी लोकांसमोर हे नमुने तयार होते.

मिडी फाइलींनी लगेच एक अडचणही आणली. दुसऱ्याने उतरवलेली फाइल घ्यायची, वाद्ये बदलायची आणि आपले नाव लावायचे, हे पाच मिनिटांत जमू लागले. हौशी रचनांचे परीक्षण करावे असे लोकांना वाटू लागले त्यामागचे पहिले कारण हेच.

परीक्षक मंडळ येते

११ डिसेंबर १९९९ रोजी अमेरिकेत डेव्हिड लॉइड यांनी ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’ हा संग्रह सुरू केला. आरंभी काय घ्यायचे ते लॉइड एकटेच ठरवत. आवक वाढली तसे ते अशक्य झाले आणि २००२ मध्ये परीक्षक मंडळ नेमले गेले. सदस्य बहुतेक स्वतः रीमिक्स करणारे, आणि बिनपगारी. आधी प्राथमिक चाळणी लागते आणि उरलेल्या रचना मंडळापुढे जातात. प्रत्येक परीक्षक आपले मत लिहून देतो : हो, नाही, अमुक दुरुस्ती केल्यास हो, किंवा आज नाही पण सुधारून पुन्हा पाठवा. निकाल लागला की कारणांसकट सगळी मते जाहीर होतात. संग्रहात आज चार हजारांहून अधिक रचना आहेत.

निकष लेखी आहेत आणि थोडक्यात ते असे. रचनेत स्वतःची भरघोस भर हवी. तरीही मूळ संगीत ओळखू आले पाहिजे आणि त्याचेच वर्चस्व असले पाहिजे. वाजवणे, ध्वनिमुद्रण आणि मिश्रण चांगल्या दर्जाचे हवे. अनेक चाली नुसत्या एकामागून एक जोडलेल्या असतील तर ते चालत नाही, त्यांच्यात दुवा पाहिजे.

या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली आहे आणि ती पुढे येईलच. पण या मंडळाचे सर्वांत मोठे काम मला त्या लेखी कारणांत दिसते. संगीताच्या बहुतेक स्पर्धांत क्रमांक जाहीर होतो आणि कारण परीक्षकाच्या मनात राहते. इथे वीस वर्षांहून अधिक काळ, ढोलाचा आवाज कुठे गढूळ झाला, दुसऱ्या मिनिटाला रचना का रेंगाळली, व्हायोलिनचा नमुना कृत्रिम का वाटतो, हे नावानिशी लिहिले गेले आहे. नाकारलेल्या रचनेवरची टिपणे वाचून दुसरेच कोणी शिकते. निकाल पटो न पटो, वाद घालायला हातात काहीतरी असते. कॅरन कॉलिन्स यांच्या ‘गेम साउंड’ या २००८ च्या पुस्तकानंतर गेमसंगीताचा अभ्यास विद्यापीठांत स्थिरावला आणि २०२० पासून त्याला वाहिलेले संशोधन-नियतकालिकही निघते. त्या अभ्यासकांनी या निकालांकडे समीक्षा म्हणून पाहावे असे मला मनापासून वाटते.

सेकंद मोजणारे

मूळ संगीताचे वर्चस्व हवे हे मान्य केले, तरी ते ओळखायचे कसे? मंडळातल्या काहींनी सरळ घड्याळ लावले. रचनेच्या एकूण लांबीपैकी निम्म्याहून अधिक वेळ मूळ रचनेतले काहीतरी ऐकू यावे, हा दंडक. परीक्षक कुठून कुठपर्यंत काय सापडले त्याची यादी करतो आणि बेरीज मांडतो.

ही बेरीज जवळून पाहण्यासारखी आहे. समजा, रचना चार मिनिटांची, म्हणजे २४० सेकंदांची आहे. निम्मे म्हणजे १२०. पहिली २० सेकंदे नवी सुरुवात. तिथून १:०५ पर्यंत बासरीवर मूळ चाल, ४५ सेकंद. मग १:४० पर्यंत वर नवी धून आणि खाली मूळ रचनेतली बास, ३५ सेकंद. २:३० पर्यंत मूळ कॉर्डांवर गिटारचा सोलो, ५० सेकंद. ३:१५ पर्यंत चाल परत, ४५ सेकंद. उरलेला शेवट नवा. फक्त चाल धरली तर ९० सेकंद होतात आणि रचना नापास. बासही धरली तर १२५, म्हणजे पाच सेकंदांनी पास. कॉर्डही धरले तर १७५, प्रश्नच मिटला. रचना तीच, ऐकणारा तोच. बास हा मूळ रचनेचा भाग मानायचा की नाही एवढ्यावर निकाल फिरतो.

मोजणाऱ्यांची बाजू अशी, की कान लबाड असतात. आपल्या आवडत्या गेमची चाल कोपऱ्यात कुठेतरी आली तरी ती सगळीकडे असल्यासारखी वाटते, आणि अनोळखी गेमची चाल समोर असूनही निसटते. मोजणी केली की परीक्षकाला आपली आवड बाजूला ठेवावी लागते आणि संयोजकालाही आपण कुठे कमी पडलो ते नेमके कळते. हजारो रचनांना एकच माप लावायचे तर याहून प्रामाणिक रस्ता कोणता, असे ते विचारतात. पद्धत सक्तीची नाही, शंका आली तरच वापरायची, हेही ते सांगतात.

विरोधकांचे म्हणणे, ओळख ही लांबीवर अवलंबून नसते. बंदिशीचा मुखडा एकदा मनात बसला की ऐकणारा आलापांतून, तानांतून गायकाबरोबर मोकळा फिरतो, आणि मुखडा अधूनमधून समेवर आला तरी बंदिश हरवली असे कोणी म्हणत नाही. गेमसंगीतातही हेच व्हावे, अशी त्यांची मागणी. चाल उलटी केली, तिची लय दुप्पट ताणली, तिचे चारच स्वर घेऊन त्यांतून नवी इमारत उभी केली, तर घड्याळाला काही सापडणार नाही, पण काम सर्वांत कसबी असेल. घड्याळ लावल्याने संयोजक चाल जास्त वेळा घोळवायला शिकतात आणि विस्ताराला कचरतात, हा त्यांचा आक्षेप गंभीर आहे.

मला यात मोजणाऱ्यांची चिंता खरी वाटते आणि उपाय अपुरा. निम्म्याचा दंडक फसवणूक पकडतो, पण उत्तम विस्तार आणि भरकटलेला विस्तार यांत फरक सांगू शकत नाही.

फार जवळ, फार दूर

नाकारल्या जाणाऱ्या रचना साधारण दोन टोकांना सापडतात. एका टोकाला मूळ रचनेला नुसते नवे कपडे घातलेले असतात : चाल तीच, क्रम तोच, वाद्ये महागडी. दुसऱ्या टोकाला मूळ रचना नावापुरती उरते. मंडळ या दोन्ही बाजूंना सीमा घालते, आणि त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक नाराज असतात.

जवळ राहणाऱ्यांचे समर्थक म्हणतात की संयोजन हे वाद्ययोजनेचे शास्त्र आहे. एकही स्वर न बदलता तीन आवाजांतली रचना चाळीस वादकांत वाटणे हे मोठे काम आहे, कोणता स्वर ओबोला द्यायचा आणि कोणता व्हायोलाला, यातच कल्पकता असते. सुगियामा यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे जे केले ते बरेचसे याच जातीचे. कमोडोर ६४ च्या चालींवर काम करणारे ‘रीमिक्स.क्वेड.ऑर्ग’चे वर्तुळही मूळ रचनेशी निष्ठेला मान देत आले आहे; तिथल्या श्रोत्याला लहानपणचे संगीत चांगल्या आवाजात हवे असते आणि ती इच्छा हलकी मानण्याचे कारण नाही. उलट बाजू अशी की संग्रहाला काही ओळख हवी, आणि ‘मूळ रचनेला नवा अर्थ द्या’ ही अट काढून टाकली तर तो निव्वळ उजळणीचा साठा होईल. दोन्ही युक्तिवाद आपापल्या जागी टिकतात. कोणत्या संग्रहाचा हेतू काय, हे आधी स्पष्ट असले तर निम्मा वाद मुळात होतच नाही.

चालच नसेल तर?

सगळे निकष चालीभोवती उभे आहेत. पण गेमसंगीतातला एक मोठा प्रवाह चालीपासून दूर जातो. १९८६ च्या ‘मेट्रॉइड’मध्ये हिरोकाझू तानाका यांनी संगीत आणि आवाज यांच्यातली भिंतच काढायची ठरवली होती, गुहेतला प्राणी आणि पार्श्वसंगीत वेगळे कळू नयेत असा त्यांचा हेतू. १९९४ च्या ‘डाँकी काँग कंट्री’मधल्या पाण्याखालच्या भागाला डेव्हिड वाइज यांनी दिलेले ‘अ‍ॅक्वॅटिक अँबियन्स’ ऐका. सुटे सुटे, झिरपत येणारे स्वर, लांबणारी गुंज, आणि त्यावर फार उशिरा येणारी हलकी धून. त्यातले लक्षात राहते ते पोत. हा पोत घेऊन कोणी पूर्ण नवी चाल बांधली तर मूळ रचना त्यात आहे की नाही? ऐकणारा लगेच ‘आहे’ म्हणेल. बेरीज मांडणारा अडखळेल.

ओव्हरक्लॉक्डचा पहिला सामूहिक अल्बम २००३ साली ‘सुपर मेट्रॉइड’वरच निघाला, ‘रेलिक्स ऑफ द चोझो’. वातावरणप्रधान संगीतावरही काम होऊ शकते हे त्यावरून दिसते, पण परीक्षणाची भाषा अजून त्यासाठी घडलेली नाही. पोताची ओळख कशी नोंदवायची, हे माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत कठीण काम आहे.

दुसरी अडचण ‘मूळ’ कोणते याची. गेम बॉयवरच्या १९८९ च्या ‘टेट्रिस’ची प्रसिद्ध धून म्हणजे ‘कोरोबेइनिकी’ हे रशियन लोकगीत. कोनामीच्या १९८३ च्या ‘जायरस’मध्ये बाखचे ‘टोकाटा अँड फ्यूग’ वाजते. त्यांवर रीमिक्स करणाऱ्याने लोकगीत घेतले की गेममधले त्याचे रूप, बाख घेतला की कोनामीने त्याला दिलेला वेग? गेमच्या रूपातले काहीतरी खास दिसावे, असा आग्रह परीक्षकांना धरता येतो. पण ते खास म्हणजे नेमके काय, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते.

आवाजाचा दर्जा आणि खिशाचा प्रश्न

२००० साली स्वीकारलेल्या कित्येक रचना आजच्या मापाने पहिल्या चाळणीतच गळतील. नमुन्यांचे संच सुधारले, मिश्रणाची साधने स्वस्त झाली, कानही सरावले. निकष काळाबरोबर वर सरकणे स्वाभाविक आहे असे एक मत. दुसरे मत असे, की आवाजाच्या दर्जाला फार वजन दिले तर संगीतापेक्षा साधनसामग्रीचे परीक्षण होते. चांगला वाद्यवृंदाचा संच, मॉनिटर स्पीकर आणि शांत खोली ज्याच्याकडे आहे तो पुढे जातो. लॅपटॉप आणि साध्या हेडफोनवर काम करणारा कॉलेजातला मुलगा उत्तम कल्पना असूनही मागे राहतो. मंडळातले लोक यावर म्हणतात की फुकट साधनांतही स्वच्छ मिश्रण जमते, आणि तसे जमवलेली उदाहरणे आहेत. ते खरे आहे. तरी आवाजाच्या खोटेपणामुळे नाकारलेली रचना आणि कल्पनेच्या उणिवेमुळे नाकारलेली रचना या दोन्हींवर ‘नाही’ हाच शिक्का बसतो, हे मला खटकते. ‘सुधारून पुन्हा पाठवा’ हा निकाल त्यावरचा उतारा आहे, आणि तो जितका सढळ वापरला जाईल तितके चांगले.

मंडळ की श्रोते?

मोजक्या लोकांनी निर्णय का घ्यावा, हा आक्षेप पहिल्यापासून आहे. पुढे ‘शांते’ आणि ‘शोव्हल नाइट’च्या संगीतामुळे नावाजलेले जेक कॉफमन यांनी मंडळाच्या सुरुवातीच्या काळात ‘व्हीजीमिक्स’ हे संकेतस्थळ चालवले. तिथे प्रवेशाला परीक्षक नव्हते. कोणीही रचना द्यावी आणि ऐकणाऱ्यांनी लिहून अभिप्राय द्यावा. मोकळीक मोठी होती, प्रयोगही धाडसी झाले, पण ते संकेतस्थळ टिकले नाही. ‘ड्वेलिंग ऑफ ड्युएल्स’ या मासिक स्पर्धेने वेगळी वाट धरली. निदान एक वाद्य प्रत्यक्ष वाजवलेले असावे ही अट, आणि मतदान संपेपर्यंत संयोजकाचे नाव गुप्त. नाव झाकल्याने नवखा आणि मुरलेला एका रांगेत येतात. परीक्षक मंडळाला मात्र पाठवणाऱ्याचे नाव दिसते, आणि ज्यांचे काम माहीत आहे अशांना काही वेळा मंडळाशिवायही प्रवेश मिळतो. संयोजकांचे वर्तुळ इतके छोटे आहे की शैलीवरून नाव कळणारच, हे उत्तर पूर्णपणे समाधान करत नाही.

जपानात चित्र अगदी निराळे आहे. झुन या एकट्या माणसाने केलेल्या ‘तोहो’ मालिकेच्या चालींवर तिथल्या हौशी गटांनी अक्षरशः डोंगराएवढे संगीत केले आहे. झुन यांनी ठरावीक अटींवर अशा कामाला मोकळीक दिली. २००४ पासून फक्त तोहोसाठी ‘रेइताइसाइ’ हा मेळा भरतो. मंडळ नाही, लेखी निकाल नाहीत. गट सीडी काढतो, मेळ्यात टेबल मांडतो आणि लोक विकत घेतात. या मालिकेतल्या १९९८ च्या ‘लोटस लँड स्टोरी’तली ‘बॅड अ‍ॅपल’ ही चाल घ्या. २००७ मध्ये आल्स्ट्रोमेरिया रेकॉर्ड्सने तिला नाचाचा ठेका आणि नोमिको यांचा गळा दिला. पुढे सावल्यांच्या व्हिडिओमुळे ती जगभर पोचली. आज बहुतेकांना ‘बॅड अ‍ॅपल’ म्हणजे ते गाणेच माहीत आहे, आणि पुढचे लोक त्या गाण्यावर रीमिक्स करतात. कोणत्या मंडळाने त्याला मूळ चाल ओळखू येते का, असे विचारले असते? बाजाराच्या निकालाला कारणे नसतात आणि शांत, अवघड काम त्यात बुडते, हे मात्र तोहोचे चाहतेही मान्य करतील.

कायद्याचे वेगळे माप

इथे एक विचित्र पेच आहे. अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या कलम ११५ नुसार, अधिकृतपणे प्रसिद्ध झालेल्या संगीतरचनेची नवी ध्वनिमुद्रिका ठरलेले मानधन देऊन मालकाच्या परवानगीविना काढता येते. मात्र संयोजनाने मूळ चाल किंवा रचनेचा मूलभूत स्वभाव बदलता कामा नये. परीक्षक मंडळ जे मागते, म्हणजे नवा अर्थ, ते कायद्याच्या सवलतीबाहेर जाण्याचा धोका असतो. कायद्यात बसते ते मंडळाला फार जवळचे वाटते. सशुल्क वितरण करणारे संयोजक त्यामुळे सावध राहतात, फुकट देणारे कंपन्यांच्या सहनशीलतेवर विसंबतात. २०१२ मध्ये ‘फायनल फँटसी ६’वरच्या ओव्हरक्लॉक्ड अल्बमसाठी वर्गणी गोळा होत असताना स्क्वेअर एनिक्सने आक्षेप घेतला. मग बोलणी झाली, तोडगा निघाला, दीड लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि २०१३ मध्ये ७४ रचनांचा ‘बॅलन्स अँड रुइन’ फुकट प्रसिद्ध झाला.

भारतातला कायदा याहून कडक आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१ क प्रमाणे मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे थांबावे लागते, दरवर्षी किमान पन्नास हजार प्रतींचे मानधन भरावे लागते आणि मालकाच्या संमतीने आधी न झालेला, तांत्रिकदृष्ट्या अनावश्यक असा कोणताही बदल रचनेत करता येत नाही. ऐंशीच्या दशकातल्या स्वस्त कव्हर कॅसेटींच्या अनुभवातून भारतात ही सावधगिरी आली. परिणाम असा, की पुण्यात किंवा पणजीत बसून गेमसंगीतावर मनासारखा विस्तार करणाऱ्याला या तरतुदीचा काहीच आधार नाही.

बाहेरून मिळालेली पावती

हौशी कामाला उद्योगाने दिलेली मान्यता हाही एक निकालच. २००८ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो एचडी रीमिक्स’साठी कॅपकॉमने ओव्हरक्लॉक्डच्या मंडळींकडून संगीत करून घेतले. ‘सॉनिक’च्या चालींच्या हौशी संयोजनांमुळे ओळखले जाणारे टी लोपेस २०१७ च्या ‘सॉनिक मेनिया’चे संगीतकार झाले. २०११ मध्ये क्रिस्तोफर टिन यांना ‘सिव्हिलायझेशन ४’मधल्या ‘बाबा येतू’बद्दल संयोजनाचे ग्रॅमी मिळाले होते, पण ते मूळ संगीतकाराचेच काम. २०२२ चा निकाल अधिक बोलका. ‘कर्बी सुपर स्टार’ या १९९६ च्या गेममधल्या ‘मेटा नाइट्स रिव्हेंज’चे एट-बिट बिग बँडसाठी चार्ली रोझन आणि जेक सिल्व्हरमन यांनी केलेले संयोजन ग्रॅमीच्या ‘वाद्यसंगीत किंवा अ कॅपेला’ संयोजनाच्या गटात विजयी ठरले. तिथल्या मतदारांनी ते जॅझ संयोजन म्हणून ऐकले. गेम ठाऊक असायची गरज कोणाला पडली नाही. मूळ चाल न ओळखता केलेला निकाल पुरेसा आहे का, हा प्रश्न त्यातून पुढे येतो. रचना स्वतःच्या पायावर उभी राहते याचा तो पुरावा आहे. संयोजकाने मूळ चालीचे काय केले, याबद्दल तो काही सांगत नाही.

कोणाच्या कानाने

परीक्षकांना रॉक, इलेक्ट्रॉनिक, वाद्यवृंद चांगला कळतो. मधेच सतार आणि तबला आले की टिपणे चटकन स्तुतीकडे झुकतात, कारण रंग नवा असतो. आपल्याकडच्या कानाला मात्र कळते की केरव्याचा तयार तुकडा चालीखाली नुसता सरकवला आहे, सम भलतीकडे पडते आहे आणि सतारीवरची मींड कुठल्याच स्वराला नीट टेकत नाही. उलटही होते : मंद्र सप्तकात सावकाश वाढवलेली रचना ‘रेंगाळते’ म्हणून गुण गमावू शकते. २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ काढला; त्याचे संगीत ग्रीसच्या लिनोस त्झेलोस यांचे. भारतीय वाद्यांचा ग्रीक संगीतकाराने केलेला वापर, त्यावर उद्या कोल्हापूरच्या एखाद्या तबलजीने केलेला रीमिक्स आणि तो ऐकणारे अमेरिकी परीक्षक, ही साखळी मुळीच अशक्य नाही. मंडळांनी सदस्य निवडताना शैलींचे ज्ञान पाहावे, एवढी मागणी रास्त आहे. मंडळ बिनपगारी असल्याने ती लगेच पुरी होणार नाही हेही तितकेच खरे.

यंत्राने बांधलेली रचना

गेल्या काही वर्षांत सुनो, उडिओ यांसारखी साधने आली. चाल द्या, शैली सांगा, काही सेकंदांत गाणे हाती येते. जून २०२४ मध्ये मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी या दोघांवर दावेही लावले. हौशी परीक्षणाला यातून बसणारा धक्का वेगळा आहे. स्वच्छ मिश्रण आणि खरे वाटणारे वाद्य हे आजवर कष्टाचे लक्षण होते. आता ते कशाचेच लक्षण नाही. सरसकट बंदी हवी, असे बहुतेक संयोजकांना वाटते : हा छंद शिकण्यासाठी आहे, आणि जिथे कोणी काही शिकलेच नाही तिथे टिपणे कोणासाठी लिहायची? दुसरी बाजू विचारते की नमुन्यांचे संच, आपोआप ताल जुळवणारी साधने, आवाज सुधारणारी यंत्रे आधीच चालतात, मग रेघ नेमकी कुठे ओढणार? मला पहिली बाजू अधिक जवळची वाटते, पण दुसरीचा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

अंमलबजावणी त्याहून अवघड. कामाची मूळ फाइल मागवावी, वाद्यावाद्याचे वेगळे ट्रॅक पाहावेत, असे सुचवले जाते. संगणकावर थर रचत काम करणाऱ्याला हे सहज देता येईल. पण जो घरच्या पियानोवर एका बैठकीत वाजवतो आणि समोर ठेवलेल्या एका माइकवर ते टिपतो, त्याच्याकडे एकच ध्वनिफीत असते आणि तिच्यावर शंका घेतली गेली तर त्याने काय दाखवावे याची रीत अजून बसलेली नाही.